पुराच्या आणि विजेच्या दिवसांत गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप कसा चालवावा?

प्रश्न: ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आमचं गाव आहे. मी उपसरपंच आहे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये चारशेच्या वर माणसं आहेत. झड लागली की मेसेजचा नुसता पाऊस पडतो. धरणाचं पाणी सोडल्याचं खरं कोणतं, मागच्या वर्षीचं कोणतं, काही उमगत नाही. पूर आणि विजांच्या दिवसांत हा ग्रुप नीट कसा वापरायचा? गावाचं फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामही काढावं का?

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम काढू नका. गावाच्या जत्रेसाठी काढा, पुरासाठी नको. फेसबुकवर तुम्ही टाकलेलं कोणाला, कधी दिसेल हे तुमच्या हातात नसतं. मंगळवारी टाकलेला पाणी वाढल्याचा इशारा गुरुवारी कोणाच्या तरी समोर येतो, तोवर नदी उतरलेली असते, आणि तो माणूस घाबरून चार ठिकाणी पाठवतो. फेसबुक आणि एक्स तुम्ही वाचण्यासाठी ठेवा: नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र, तुमचं जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय यांची पानं. तिथून घ्यायचं आणि गावाच्या भाषेत करून व्हॉट्सअॅपवर द्यायचं, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. नदीकाठच्या गावांत आपत्तीच्या तयारीचं प्रशिक्षण देताना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली आहे: ग्रुप सगळ्यात जास्त कामाचा असतो तो पूर यायच्या आधीचे दोन दिवस आणि ओसरल्यानंतरचा आठवडा. प्रत्यक्ष पाणी गावात शिरत असताना तो जवळपास निकामी असतो. लाईट गेलेली असते, टॉवरची बॅटरी काही तासांत बसते, अन् रात्री दोन वाजता कोण मोबाईल पाहतो? त्या वेळेला फोनची रिंग, भोंगा आणि दार ठोठावणारा माणूस. म्हणून ग्रुपची आखणी अशी करा की तो बंद पडला तरी गाव अडू नये.

जुना ग्रुप सुधारायला जाऊ नका. शुभ सकाळ, वाढदिवस, बियाण्याचे भाव, सगळं तिथं चालू द्या. लोकांना ते हवं असतं आणि भांडून फक्त वैर येतं. ‘सूचना’ नावाचा वेगळा ग्रुप काढा, त्यात फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. अॅडमिन तिघं: तुम्ही, पोलीस पाटील, आणि एखादी आशाताई किंवा अंगणवाडी सेविका, जिच्यावर गावातल्या बायकांचा विश्वास आहे. तिघांची सिमं एकाच कंपनीची नकोत. वर्षभर या ग्रुपवर शांतता पाहिजे. निवडणुकीचा प्रचार, सत्काराचे फोटो, नेत्यांच्या शुभेच्छा तिथं एकदा जरी पडल्या तरी लोक तो म्यूट करतात, आणि जुलैत तुमचा मेसेज कोणी उघडत नाही. सरपंच आणि तुम्ही वेगवेगळ्या पार्टीचे असाल तर हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

तिसरा ग्रुप अगदी लहान, दहाबारा जणांचा. त्याला मी ‘पाणी पाहणारे’ म्हणतो. नदीच्या घाटाजवळ घर असलेला एक, नाल्याच्या रपट्याजवळ, म्हणजे ठेंगण्या पुलाजवळ, वावर असलेला एक, लाईनमन, शाळेची किल्ली ज्याच्याकडे असते तो शिक्षक, डोंगा चालवणारे ढिवर बांधव, आणि वरच्या दोनतीन गावांतली माणसं. गावाबाहेरची ही माणसं सगळ्यात मोलाची. तुमच्या गावात आभाळ मोकळं असताना पूर येऊ शकतो, कारण वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून येते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत जो महापूर आला, त्यात तिकडच्या संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. बालाघाटकडे सोयरिक असलेली घरं तुमच्या भागातही असतील. त्यांचे नातेवाईक हिंदीत दोन ओळी टाकतात, त्या एखाद्या टीव्हीच्या बातमीपेक्षा लवकर आणि नेमक्या असतात. छोट्या नाल्यांचं तर कोणी मोजमापच करत नाही. तिथं वरच्या गावचा माणूस हाच एकमेव मापक.

या लहान ग्रुपवर बोलायचं कसं तेही ठरवा. ‘लय पाणी आलं’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. त्याऐवजी गावातल्या खुणा वापरा: घाटाची तिसरी पायरी, रपट्याचा कठडा, मारुतीच्या देवळाचा ओटा. शक्य असेल तर पुलाच्या खांबावर रंगानं फुटाच्या रेघा ओढून घ्या. खूण आणि वेळ, एवढं आलं की बाकी फोटो नको.

धरणाच्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथंच होतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. ‘तेहेतीसच्या तेहेतीस दरवाजे उघडले!’ असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो आणि गावाच्या काळजाचा ठोका चुकतो. दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले की पूर्ण, यात फार फरक आहे. म्हणून दरवाज्यांची संख्या सोडा, विसर्ग पाहा, म्हणजे सेकंदाला किती पाणी सोडलं ते. आणि विसर्ग पाहताना एकक पाहा. सरकारी संदेशात कधी क्युमेक असतं, कधी क्युसेक. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युमेकमध्ये साधारण 35 क्युसेक बसतात. 5,000 क्युमेक म्हणजे सुमारे 1 लाख 76 हजार क्युसेक. एकानं 5,000 लिहिलं, दुसऱ्यानं पावणेदोन लाख लिहिलं, तर लोकांना वाटतं पाणी पस्तीस पट वाढलं, आणि प्रत्यक्षात आकडा तोच असतो. उलटही होतं आणि ते जास्त वाईट: क्युमेकचा आकडा क्युसेक समजून लोक बेफिकीर राहतात.

पण गावकऱ्याला क्युमेकचं काय करायचं आहे? त्याला कळायला हवं की पाणी त्याच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत, येणार की नाही. यासाठी एक वही करा. धरणातून इतका विसर्ग सुरू झाला, इतक्या तासांनी आपल्या घाटाच्या या खुणेला पाणी लागलं, नाल्याचा फुगवटा इथवर आला. पाटबंधारे खात्याचे संदेश आणि तुमच्या पाणी पाहणाऱ्यांच्या नोंदी शेजारीशेजारी लिहीत जा. म्हाताऱ्या माणसांना 2020 चं पाणी कुठवर होतं ते विचारा, भिंतीवर खूण करा. दोनतीन पावसाळ्यांत तुमच्या गावापुरता एक तक्ता तयार होतो. मग तुम्ही ‘विसर्ग वाढला’ असं कोरडं न लिहिता ‘शुक्रवारी पहाटेपर्यंत पाणी मारुतीच्या ओट्याला लागण्याची शक्यता’ असं लिहू शकता. एक सावधगिरी: त्याच वेळी गावात जोराचा पाऊस असेल किंवा खाली नदी तुंबलेली असेल तर तक्त्यापेक्षा पाणी वर येतं. थोडी जागा राखूनच सांगायचं.

आता संदेश लिहायचा कसा. माझा सगळ्यात कडक नियम: ‘आज’, ‘उद्या’, ‘आज रात्री’, ‘आत्ताच’ हे शब्द सूचना ग्रुपवर बंद. नेटवर्क गेलेलं असतं, मेसेज चौदा तासांनी पोचतो, आणि ‘आज रात्री पाणी येणार’ हे माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी वाचतो. पुढं पाठवलेला मेसेज तर कधीचा आहे हे कळायला मार्गच नाही. वार, तारीख, वेळ मजकुरातच लिहा. नमुना देतो, तारीख आणि तपशील माझ्या मनचे:

‘गुरुवार 17 जुलै, दुपारी 3 वाजता. गोसीखुर्दचं पाणी वाढवलं आहे. शुक्रवारी पहाटेपर्यंत नदीकाठच्या बांध्या आणि घाटाचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो. मोटरपंप आणि जनावरं गुरुवारी सूर्य मावळायच्या आत वर आणा. घाटाकडच्या घरांनी रात्री शाळेत झोपायला यावं, शाळा उघडी आहे. पुढची सूचना गुरुवारी रात्री 8 वाजता. ग्रामपंचायत, अमुक गाव.’

त्यातली ‘पुढची सूचना रात्री 8 वाजता’ ही ओळ लहान दिसते, पण अफवा थांबवायला तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. आठला सांगणार आहेत हे माहीत असलं की माणूस इकडंतिकडं विचारत फिरत नाही. मग आठला सांगायचंच, नवीन काही नसलं तरी. ‘बदल नाही’ हीसुद्धा बातमी आहे. आणि धोका टळला की तसंही लिहायचं. अर्धी गावं ही शेवटची ओळ विसरतात आणि लोक दोन दिवस शाळेत बसून राहतात.

मजकूर टाईप करा. सरकारी पत्रकाचा फोटो किंवा पीडीएफ टाकू नका. कमजोर नेटवर्कवर तो उघडत नाही, अक्षर बारीक असतं, आणि त्यावरची तारीख कोणी पाहत नाही. मजकुरासोबत वीसेक सेकंदांचा आवाजाचा संदेश टाका, तोही झाडीबोलीत, रोज बोलता तसा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हवाच, पण ओळखीचा आवाज ऐकला की खात्रीही पटते. गडचिरोलीकडच्या गावांत हाच संदेश गोंडीत किंवा माडियात, मेळघाटात कोरकूत गेला पाहिजे. व्हिडिओ मात्र पाणी ओसरेपर्यंत कोणीच टाकू नये, ही विनंती ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवा.

रंगांच्या इशाऱ्यांबद्दल लोकांची तक्रार तुम्हीही ऐकली असेल: ‘ऑरेंज सांगतला अन् थेंब नाही पडला.’ पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हा इशारा जिल्ह्यासाठी असतो, एका गावासाठी नाही. गडचिरोलीत कोरचीला जो इशारा तोच सिरोंच्याला, मधलं अंतर पाहा. इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असतात, ते गाळू नका. लोक गाळतात आणि मग हवामान खात्याला शिव्या घालतात. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिमीपासून 115.5 मिमीपर्यंतच्या पावसाला जोरदार म्हणतं, 204.4 मिमीपर्यंत अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. मी गावात आकडे सांगत नाही. ‘नाला भरून वाहील एवढा’ किंवा ‘रपटा बंद होईल एवढा’ असं सांगतो.

विजेचं गणित पुरापेक्षा पूर्ण वेगळं आहे, आणि माझ्या मते तुमच्या गावात जीव जास्त करून इथंच जातात. पुराला तास मिळतात, विजेला मिनिटं. हवामान खात्याचा तात्काळ अंदाज तीन तासांचा असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आजूबाजूच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सांगतं. हे अॅप तिन्ही अॅडमिनच्या फोनमध्ये पाहिजे, लोकेशन चालू ठेवून. पण दुपारी तीन वाजता धानाच्या रोवणीवर असलेल्या बाया व्हॉट्सअॅप पाहत नाहीत. हात चिखलात, फोन डब्याच्या थैलीत, थैली धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेली. तिथं मेसेज टाकून मोकळं होणं म्हणजे आपल्या समाधानासाठी काम करणं. रोवणीच्या, निंदणाच्या प्रत्येक टोळीतला एक नंबर घ्या, गुराख्यांचे घ्या, आणि थेट फोन करा. सकाळी टोळी निघतानाच विचारा: कोणाच्या वावरात, जवळ पक्कं घर कोणतं?

इथं एका खोट्या मेसेजचा बंदोबस्त आधीच करा. ‘विजा चमकत असताना मोबाईल बंद ठेवा, मोबाईल वीज ओढतो’ हा मेसेज दर वर्षी फिरतो. मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नये, तारेचा लँडलाईन वापरू नये, एवढं खरं. लोक फोन बंद करून ठेवतात आणि मग आपण केलेला फोन लागत नाही. जूनच्या सुरुवातीलाच हे आवाजाच्या संदेशात समजावून सांगा. सोबत हेही: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस अंक मोजून झाले नाहीत तर काम सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. मोहाच्या, आंब्याच्या झाडाखाली नाही, उघड्या मांडवातही नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन करा. याची उजळणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणी येऊन करून दाखवली तर फार बरं.

गारपीट तुमच्याकडे कमी, म्हणून थोडक्यात: वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना अंदाज मिळाला तरी बाग झाकता येत नाही. वाचवता येतो तो खळ्यावरचा हरभरा आणि गहू, आणि बांधलेली जनावरं. उन्हाचा मात्र तुमच्या तालुक्याशी जवळचा संबंध. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात देशभराच्या बातम्यांत असतो. उष्णतेच्या लाटेचा अंदाज तीनचार दिवस आधी येतो, तेव्हा एक आवाजाचा संदेश पुरतो: रोहयोच्या कामाची वेळ, पाण्याची सोय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे कोण फेरी मारणार.

अफवेचं सांगतो. ‘धरण फुटलं’ हा मेसेज येणारच. तो कोणी टाकला यावर ग्रुपमध्ये वाद घालू नका आणि त्याच्यावर लाल फुली मारून तोच पुन्हा पाठवू नका; फुली मागं राहते, धरण पुढं जातं. आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर किंवा तहसीलला फोन, मग स्वतःच्या शब्दांत, वार-वेळेसह खरी स्थिती. खात्री झाली नसेल तर तसं लिहा: ‘5 वाजता विचारलं आहे, 6 वाजता सांगतो.’ दुहेरी बाणाचा, खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज आणि ज्याच्यावर तारीख नाही असा व्हिडिओ, दोन्हींकडे संशयानंच पाहा. जाणूनबुजून खोटा इशारा पसरवून घबराट माजवली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे कलम पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा, ऐन पुरात कोणाला धमकी म्हणून नको.

दोन प्रकारचे फोटो मात्र मी कोणत्याही गावात चालू देत नाही. एक, वीज पडून किंवा बुडून गेलेल्या माणसाचा. त्याच्या घरच्यांना ग्रुपवरून कळावं, याच्यापेक्षा क्रूर काही नाही. दुसरा, पुलावरून पाणी वाहत असताना गाडी काढणाऱ्याचं रील. सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला एसटी बस वाहून गेली. बस वाहते तिथं मोटारसायकलीचं काय? असं रील पडलं की अॅडमिननं ते सगळ्यांसाठी डिलीट करावं आणि त्या रपट्यावर तातडीनं माणूस उभा करावा, कारण पाहणारे दुसरे चार जण निघालेले असतात.

मोबाईलवरून संदेश गावात उतरवायची सोय नसेल तर वरचं सगळं अर्धवट. सूचना पडली की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीच वाचायची, शब्द न बदलता. भोंगा लाईटवर चालतो हे लक्षात ठेवा. लाईट गेली की तो गप्प. इन्व्हर्टर नसेल तर भजनी मंडळाचा किंवा लग्नाच्या बँडवाल्याचा बॅटरीवरचा स्पीकर ठरवून ठेवा. देवळाचा, बुद्धविहाराचा, मशिदीचा, सगळ्यांचेच स्पीकर लक्षात घ्या. प्रत्येक मोहल्ल्याला एक माणूस नेमा, त्याच्या वहीत ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना ऐकू येत नाही, ज्या बाळंतीण किंवा आजारी आहेत, त्यांची नावं. कोतवाल असेल तर दवंडी अजूनही सगळ्यात खात्रीची. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करायची वायर दोघांकडे तरी असावी, आणि एक साधा बटणाचा फोन, ज्याची बॅटरी चारचार दिवस टिकते.

पाणी ओसरलं की ग्रुप पुन्हा खऱ्या अर्थानं कामाला येतो. कोणता रस्ता सुरू, कोणत्या विहिरीचं पाणी उकळून प्यायचं, ब्लीचिंग पावडर कधी टाकली, साप निघत आहेत म्हणून घरात शिरताना काठी आपटत जा. आणि पंचनामा. नुकसानीचे फोटो सूचना ग्रुपवर टाकायचे नाहीत, पण कसे काढायचे ते सांगा. एक फोटो पूर्ण वावराचा, ज्यात ओळखीची खूण दिसते, एक जवळून, एक गट नंबर लिहिलेल्या कागदासह. लोकेशन आणि वेळ छापणारा कॅमेरा वापरला तर उत्तम. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फोटो मदत हातात पडेपर्यंत डिलीट करू नका. 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, पण तुमच्या गावात पडलेला पाऊस मंडळाच्या पाऊस मोजायच्या यंत्रात पडलेलाच असेल असं नाही. तेव्हा तारखेचा फोटो जवळ असणं बरं. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात. त्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून लिहून घ्या आणि तेवढंच ग्रुपवर टाका.

या सगळ्याची चाचणी मृगाच्या आधी एकदा घ्या. सूचना ग्रुपवर ‘ही चाचणी आहे’ असा संदेश टाका, एका संध्याकाळी, सांगूनसवरून. दुसऱ्या दिवशी, ज्यानं टाकला त्याच्या फोनवर, तो दाबून धरून माहिती उघडा: कोणी वाचला, कोणापर्यंत नुसता पोचला, हे दिसतं; ज्यांचं नाव दोन्हींत नाही त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. ज्यांच्यापर्यंत गेला नाही त्यांची नावं त्यांच्या मोहल्ल्याच्या माणसाच्या वहीत चढवा.